कडेला उभी असलेली माणसं
डभोईच्या छोट्या रेल्वेची जुनी छायाचित्रं

बडोदे संस्थानाची स्वतःची पहिली रेल्वेगाडी बैलांनी ओढली. १८६२ साली महाराज खंडेराव गायकवाडांनी डभोई ते मियागाम असा सुमारे वीस मैलांचा लोहमार्ग बांधून घेतला. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. भारतातला हा पहिला नॅरोगेज मार्ग, आणि एखाद्या संस्थानाच्या मालकीची पहिली रेल्वेही हीच. रेल्वेच्या मोठ्या इतिहासांत तिच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. त्यात सन असतो, रुंदी असते, राजाचं नाव असतं. त्या रुळांवरून कोण गेलं, कुणी ते रूळ टाकले, कुणी रोज इंजिनात कोळसा भरला, हे शोधायचं तर जुन्या छायाचित्रांकडे वळावं लागतं. तिथेही हे सहज सापडत नाही. छायाचित्रात इंजीन मधोमध असतं आणि माणसं कडेला. या रेल्वेचा मोठा भाग त्या कडेलाच आहे, असं माझं मत आहे, आणि या प्रकरणात आपण तीच कडा पाहणार आहोत.

आधी त्या काळच्या कॅमेऱ्याला काय टिपता येत होतं, ते समजून घेऊ. १८६२ मध्ये छायाचित्रं काढली जात ती ओल्या काचेवर. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने १८५१ मध्ये ही पद्धत जाहीर केली होती. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि सुकण्याआधी अंधारात नेऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं. म्हणजे गावाबाहेर छायाचित्र काढायचं तर काचा, बाटल्या, पाणी आणि काळोखा तंबू सोबत नेणं आलं. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिथे उत्तम छायाचित्रं काढत होते. तेव्हा कला जवळच पोचली होती, पण काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. ताशी चार किलोमीटर चालणारे बैल पाच सेकंदांत साडेपाच मीटर पुढे जातात. काचेवर त्यांची नुसती धुरकट पट्टी उमटली असती.

त्यामुळे बैल जुंपलेल्या त्या गाडीचं चित्र म्हणून काही तुमच्यासमोर आलं, तर ते सावकाश पाहा. ते छायाचित्र असेल तर बैल उभे असतील, गाडीवान कॅमेऱ्याकडे बघत असेल, आणि सगळं कुणीतरी मुद्दाम थांबवलेलं असेल. बैल चालताना दिसत असतील तर ते हाताने काढलेलं चित्र आहे, किंवा पुष्कळ नंतरचं. त्या काळातली सगळीच रेल्वेची छायाचित्रं थांबलेल्या गाड्यांची आहेत. ती पाहून रेल्वे म्हणजे एक भव्य, निश्चल वस्तू होती असं वाटायला लागतं. धूर, खडखडाट, घाई, धक्काबुक्की हे सारं आपल्याला मनाने भरून घ्यावं लागतं.

आता बैल का, आणि डभोईच का? उत्तर कापसात आहे. नर्मदा आणि ढाढर या नद्यांमधला काळ्या जमिनीचा पट्टा कानम म्हणून ओळखला जातो आणि तो कापसासाठी नावाजलेला आहे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाशिवाय पर्याय उरला नाही. भाव भडकले. त्याच सुमारास बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे बीबी अँड सीआय, दक्षिण गुजरातेतून वर सरकत होती. १८६१ मध्ये तिचे रूळ बडोद्याला पोचले. मियागाम या मुख्य मार्गावर होतं, डभोई आत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुततात, हे कानमातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. गठ्ठे मुख्य मार्गापर्यंत कोरडे आणि वेळेवर नेण्यासाठी खंडेरावांनी हा फाटा काढला. मुंबईपर्यंतचे रूळ सलग जोडले जायला १८६४ साल उजाडलं. म्हणजे मुंबई–बडोदे अशी थेट गाडी नसताना डभोईला मात्र स्वतःची रेल्वे होती! बडोद्याच्या इतिहासात खंडेराव आठवतात ते हिऱ्यांच्या आणि कुस्त्यांच्या शौकामुळे. या वीस मैलांसाठीही ते आठवले पाहिजेत.

रूळ बैलांच्या हिशोबाने टाकलेले होते. यार्डाला १३ पौंड, म्हणजे मीटरला साडेसहा किलोच्याही आत. आजच्या मुख्य मार्गावरचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो. १८६३ मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीकडून वाफेची इंजिनं आणून पाहण्यात आली, पण एवढ्या हलक्या रुळांना इंजिनाचा भार पेलवेना. इंजिनं हजर असताना गाडी पुन्हा बैलांच्याच खांद्यावर आली. १८७३ मध्ये जड रूळ टाकून मार्ग नव्याने सुरू झाला, आणि वाफेचा नियमित वापर १८८० च्या सुमारास स्थिरावला. जवळजवळ अठरा वर्षांचा हा मधला काळ मला या रेल्वेच्या इतिहासातला सगळ्यांत जिवंत काळ वाटतो. संस्थान, शेतकरी, गाडीवान आणि परदेशी कारखाना, सगळे मिळून एक नवी गोष्ट शिकत होते आणि चुकत होते.

या काळातल्या इंजिनांची छायाचित्रं पाहायला मिळतात ती बहुधा कारखान्यांची. ब्रिटनमधल्या इंजीन कारखान्यांची एक ठरलेली रीत होती. इंजीन तयार झालं की त्याला मंद राखाडी रंग द्यायचा, कडा पांढऱ्या रेषांनी उठावदार करायच्या, म्हणजे काचेवर प्रत्येक खिळा, प्रत्येक नळी स्पष्ट उमटे. मागची भिंत, गवत, माणसं निगेटिव्हच्या काचेवर पुसून टाकायची. उरतं ते पांढऱ्या पोकळीत तरंगणारं इंजीन. गिऱ्हाइकाला दाखवायला आणि नोंदवहीत चिकटवायला ते उत्तम. इतिहासकाराला मात्र त्यातून माप कळतं, वापर कळत नाही. नीलसन कंपनी पुढे १९०३ मध्ये आणखी दोन कारखान्यांसह नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीत विलीन झाली, आणि त्या कंपनीची कागदपत्रं आणि चित्रं आज ग्लासगोत जपलेली आहेत. बडोद्याच्या माणसाला आपल्या रेल्वेची कागदपत्रं धुंडाळायला स्कॉटलंडला जावं लागावं, याची मला खंत वाटते.

१८६० च्या दशकात जगात दुसरीकडे काय चाललं होतं? वेल्समधली फेस्टिनिओग रेल्वे १८३६ पासून पाटीचे दगड वाहत होती. तिची रुंदी दोन फुटांपेक्षा किंचित कमी. उतारावरून डबे आपोआप खाली येत आणि रिकामे डबे घोडे वर ओढून नेत. तिथे वाफेचं इंजीन आलं ते १८६३ मध्ये, म्हणजे नीलसनची इंजिनं बडोद्यात आली त्याच साली. पुढे १८७० मध्ये रॉबर्ट फेअर्लीच्या दुतोंडी इंजिनाच्या चाचण्या पाहायला जगभरचे अभियंते वेल्सला लोटले आणि अरुंद रेल्वेचं माहेर म्हणून फेस्टिनिओगचं नाव झालं. डभोईकडे बघायला कोणी आलं नाही. पण अरुंद रुळांवर वाफ चालवण्याचा प्रयोग एकाच वर्षी दोन ठिकाणी सुरू होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

खंडेराव १८७० मध्ये वारले. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या मल्हाररावांची कारकीर्द १८७५ मध्ये पदच्युतीने संपली. त्याच वर्षी मालेगावजवळच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला, आणि तो सज्ञान होईपर्यंत कारभार दिवाण सर टी. माधवरावांकडे राहिला. रेल्वेला वेग आला तो या काळात. १८७९ मध्ये डभोईहून चांदोद आणि बहादरपूर, १८८० मध्ये बडोद्याचं गोया गेट, १८८१ मध्ये विश्वामित्री. 'गायकवाड्स बरोडा स्टेट रेल्वे' हे भारदस्त नाव डब्यांवर चढलं. इंग्रजी आद्याक्षरं जीबीएसआर. पुढे बोडेली, जंबुसर, छोटा उदेपूर, मालसर, मोटी कोरल, टिंबा असे फाटे फुटत गेले.

डभोई हे या जाळ्याचं गाठीचं ठिकाण झालं. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं. १ एप्रिल १७३१ रोजी पहिल्या बाजीरावाने सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांचा पराभव केला, तो डभोईजवळ. गावाचा कोट तेराव्या शतकातल्या वाघेला राजांच्या काळातला. हिरा दरवाज्यावरचं कोरीवकाम आजही माणसाला उभं धरून ठेवतं. गुजराती कवी दयाराम इथेच राहिला आणि १८५३ मध्ये इथेच गेला. अशा जुन्या, तटबंद गावातून पाच दिशांना छोटे रूळ फुटले, आणि डभोई आशियातलं सर्वांत मोठं नॅरोगेज जंक्शन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. सकाळी पाचही बाजूंनी गाड्या येत, माणसं एका डब्यातून उतरून दुसऱ्यात चढत, आणि तासाभरात फलाट रिकामा होई.

चांदोदच्या फाट्याविषयी थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण तिथे कापूस नव्हता. तिथे नर्मदा होती. चांदोद–करनाळीला नर्मदा आणि ओरसंग मिळतात, तिसरी सरस्वती गुप्त मानतात. बडोद्यातल्या मराठी घरांत कुणी गेलं की अस्थी चांदोदला न्यायच्या, श्राद्ध तिथे करायचं, ही रूढी होती आणि अजूनही पुष्कळ घरांत आहे. कार्तिकी आणि चैत्री पौर्णिमेला घाटावर मोठी गर्दी होते. श्री अरविंद बडोद्यात नोकरीला असताना चांदोदजवळच्या गंगानाथ आश्रमात ब्रह्मानंद स्वामींच्या दर्शनाला गेले होते. नदीच्या वरच्या अंगाला गरुडेश्वर. तिथे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले माणगावचे टेंबे स्वामी, १९१४ मध्ये समाधिस्थ झाले. तेव्हापासून कोकण आणि देशावरून येणारे दत्तभक्तही चांदोदच्या वाटेवर दिसू लागले. रंगावधूत महाराजांच्या नारेश्वरला जाणारे भाविक मियागामहून मोटी कोरलच्या शाखेने जात. कापसासाठी जन्मलेल्या या रेल्वेला अशा रीतीने यात्रेकरू मिळाले, आणि त्या यात्रेकरूंची छायाचित्रं पुष्कळ घरांत पोचली. घाटावरच्या चित्रात रेल्वे दिसत नाही. पण नऊवारी नेसलेल्या बायकांच्या हातातल्या पितळी डब्या, वळकट्या आणि थकलेली लहान मुलं पाहा. ती माणसं कशाने आली, हे त्या सामानावरून कळतं.

आता सर्वांत जास्त आढळणाऱ्या छायाचित्राकडे येऊ: स्टेशनच्या कर्मचाऱ्यांचं सामूहिक छायाचित्र. काचेच्या कोरड्या प्लेटा १८७० च्या दशकाअखेर बाजारात आल्या आणि छायाचित्रकाराची तंबूतून सुटका झाली. त्यानंतर साहेबाची बदली, मास्तरांची निवृत्ती, नव्या इंजिनाचं आगमन, अशा निमित्ताने इंजिनासमोर खुर्च्या मांडून छायाचित्र काढायची पद्धत पडली. अशी चित्रं गुजरातेत आणि महाराष्ट्रात रेल्वेत नोकरी केलेल्या असंख्य घरांत आहेत. ती वाचायची कशी?

मधल्या खुर्चीपासून सुरुवात करू नका. आधी रूळ पाहा. रुळांशेजारी उभ्या माणसाच्या पावलांशी त्यांची रुंदी ताडून पाहिली, तर अडीच फूट आणि साडेपाच फूट यातला फरक क्षणात कळतो. मग इंजिनाचं तोंड पाहा. ब्रॉडगेजच्या इंजिनाला दोन बाजूंना दोन गोल बफर असतात. नॅरोगेजला मधोमध एकच असतो आणि त्यातच जोडणीचा आकडा. नॅरोगेजचा डबा रुळांच्या दोन्ही बाजूंना पुष्कळ बाहेर आलेला दिसतो. एवढ्या अरुंद पायावर तो उभा कसा राहतो असं वाटतं, आणि म्हणूनच या गाड्या सावकाश चालत. डब्यावरची अक्षरं काळ सांगतात. जीबीएसआर असेल तर चित्र बहुतेक १९४९ पूर्वीचं, कारण त्या वर्षी संस्थानाची रेल्वे बीबी अँड सीआयमध्ये विलीन झाली. ५ नोव्हेंबर १९५१ ला पश्चिम रेल्वे अस्तित्वात आली, त्यानंतरच्या डब्यांवर तिची अक्षरं येतात. स्टेशनच्या पाटीवर 'गोया गेट' आहे की 'प्रतापनगर', हीसुद्धा खूण आहे. नवं नाव प्रतापसिंहराव महाराजांचं, आणि ते गादीवर आले १९३९ मध्ये. इंजिनाच्या कपाळावरचा दिवा तेलाचा आहे की विजेचा, तेही बघावं. चाकं मोजावीत: पुढे दोन, मध्ये सहा, मागे दोन, आणि मागे कोळशा-पाण्याचा वेगळा डबा असेल तर ते झेडबी वर्गाचं इंजीन असण्याचा संभव मोठा. गुजरातच्या नॅरोगेजवर वाफेचा शेवटचा काळ या झेडबींनी ओढला.

हे झालं यंत्राचं. आता माणसं. खुर्च्यांवर बसलेले कोट-टोपीतले स्टेशनमास्तर, इन्स्पेक्टर, कधी पगडी घातलेले संस्थानाचे अधिकारी. यांची नावं खाली छापलेली असतात. दुसऱ्या रांगेत उभे गार्ड, तारबाबू, बुकिंग क्लार्क. यांचीही नावं बहुधा मिळतात. मागे इंजिनाच्या पायरीवर ड्रायव्हर आणि फायरमन. डोक्याला फडकं, हातात तेलाची बुधली. आणि जमिनीवर मांडी घालून, किंवा चौकटीच्या अगदी टोकाला अर्धवट कापलेले, सांधेवाले, गँगमन, खलाशी, पाणी भरणारे. यांच्या खाली नाव नसतं. गँगमन रोज पहाटे आपापल्या हद्दीतल्या रुळांवरून चालत जाई, सैल झालेले खिळे ठोकी, पावसाळ्यात वाहून गेलेली खडी भरी. काळ्या मातीवर टाकलेला रूळ दर पावसाळ्यात सरकतो, कारण ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. दीडशे वर्षं ही रेल्वे जागेवर राहिली ती या माणसांमुळे. छायाचित्राखाली त्यांची नावं घालायला एक ओळ पुरली असती. ती ओळ कुणी लिहिली नाही, हा मला अन्याय वाटतो, आणि तो अजून काही प्रमाणात भरून काढता येईल.

छायाचित्रणाचा आणि बडोद्याचा संबंध तसा घनिष्ठ आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं, त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली. त्याच सुमारास त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके हा तरुण तिथे शिकायला आला. चित्रकला, वास्तुकला, छायाचित्रण आणि छपाई यांचे पाठ त्याने इथे घेतले, आणि पुढे गोध्र्याला छायाचित्रांचा स्टुडिओ काढला. चित्रपटांचं, म्हणजे चित्रं हलवण्याचं, त्याचं वेड नंतरचं. काच, रसायन आणि प्रकाश यांची ओळख बडोद्यातली. रेल्वे आणि कॅमेरा ही दोन्ही यंत्रं संस्थानात एकाच पिढीने आपलीशी केली.

राजाच्या रेल्वेची छायाचित्रं अर्थातच उत्तम जपली गेली. गायकवाडांचा १८८६ चा सलून डबा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे आणि त्याचं नक्षीदार छत अनेक पुस्तकांत छापलेलं आहे. गोया गेटच्या कारखान्याची कोनशिला १९१९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या हस्ते बसली. संस्थानाची रेल्वे डभोईभोवतीच थांबली नाही: नवसारी प्रांतात डांगच्या जंगलातलं सागवान आणण्यासाठी बिलिमोरा–वघई हा ६३ किलोमीटरचा मार्ग १९१३ च्या सुमारास झाला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला अडीच फुटी रेल्वे म्हटलं की बार्शी लाइट आठवते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती १८९७ मध्ये सुरू केली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. कॅलथ्रॉपच्या बार्शीचा जगभर बोलबाला झाला, कारण कमी रुंदीच्या रुळांवर जास्त भार कसा वाहता येतो याचं शास्त्र त्याने नीट मांडलं. पण अडीच फुटांचं माप भारतात आलं ते बार्शीच्या पस्तीस वर्षं आधी, डभोईत. पंढरीच्या वारकऱ्याला आणि चांदोदच्या यात्रेकरूला एकाच रुंदीच्या रुळांनी नेलं.

स्वातंत्र्यानंतर कॅमेरा घराघरांत आला, आणि इथे बडोद्याचं नाव पुन्हा येतं. ॲग्फाचा 'क्लिक थ्री' हा कॅमेरा ज्यांनी हाताळला असेल त्यांना त्याच्या तळाशी किंवा पाठीवर छापलेली ओळ आठवत असेल: तो बनत होता बडोद्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात. एका रिळात बारा चौकोनी चित्रं, सेटिंग जवळजवळ काहीच नाही, उन्हात उभं राहायचं आणि बटण दाबायचं. त्याचा पडदा सेकंदाचा तिसावा भाग उघडा राही. ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात सुमारे २३ सेंटिमीटर सरकते. या कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रात चालती छोटी गाडी किंचित पुसट येते, आणि टपावर बसलेल्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत. पण ती पहिल्यांदा चालताना दिसते! शिवाय इथे इंजीन मधोमध नसतं. सुट्टीत मामाच्या गावी निघालेली भावंडं, लग्नाहून परतलेलं जोडपं, फलाटावर कुल्फी खाणारी मुलगी हे चित्राचा विषय असतात, आणि मागे डब्याची एक खिडकी, पाटीचं अर्धं अक्षर, नळाशी वाकलेला हमाल. कारखान्याच्या चित्रात पुसून टाकलेलं सारं इथे परत आलेलं आहे. जाणकार अशा चित्रांना महत्त्व देत नाहीत. मला ती कारखान्याच्या चित्रांपेक्षा मोलाची वाटतात.

रेल्वेच्या हद्दीत छायाचित्रं काढायला परवानगी लागे, त्यामुळे स्थानिक हौशी माणसं बिचकत. १९७० आणि ८० च्या दशकांत युरोपातून वाफेच्या इंजिनांचे शौकीन येऊ लागले. त्यांच्या देशांत वाफ संपली होती. त्यांनी प्रतापनगरच्या शेडमध्ये आणि डभोईच्या यार्डात भरपूर रंगीत चित्रं काढली. इंजिनाचा क्रमांक, कारखाना, बांधणीचं साल, सगळं त्यांच्या वहीत बिनचूक. ही शिस्त आपण त्यांच्याकडून घ्यावी. त्यांच्या बहुतेक चित्रांत ड्रायव्हर आणि फायरमन आहेत, हसताहेत, हात हलवताहेत, पण वहीत त्यांची नावं नाहीत. शंभर वर्षांनी, दुसऱ्या देशातल्या माणसाच्या हातूनही कडेच्या माणसांना तीच वागणूक मिळाली.

वाफ गेली, डिझेल आलं, मग रूळच बदलले. प्रतापनगर ते छोटा उदेपूर मार्ग ब्रॉडगेज झाला. डभोई–चांदोदही रुंद झाला आणि पुढे केवडियापर्यंत वाढला. १७ जानेवारी २०२१ रोजी त्यावरून लांब पल्ल्याच्या गाड्या सुरू झाल्या. ज्या चांदोदला यात्रेकरू वळकट्या घेऊन उतरत, तिथून आता सरदार पटेलांचा पुतळा पाहायला निघालेल्या गाड्या जातात. हे व्हायला हवंच होतं. गावांना वेगवान गाडी मिळू नये असं मी कधीच म्हणणार नाही. मधे बंद पडलेली बिलिमोरा–वघई सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि प्रतापनगरला नॅरोगेजचं वारसा संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

पण संग्रहालयात इंजीन ठेवता येतं. गँगमनचं नाव तिथे आपोआप येत नाही. ते घरांतून यावं लागतं. तुमच्या घरात कुणी या रेल्वेत होतं, किंवा जुन्या ट्रंकेत इंजिनासमोर उभ्या माणसांचं एखादं चित्र आहे, तर ते या आठवड्यात बाहेर काढा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या शेजारी बसा आणि डाव्या टोकापासून एकेकाकडे बोट दाखवून विचारा: हे कोण? नाव, काम, गाव, अंदाजे साल, जे कळेल ते चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पुढे उतरते. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या चिकट अल्बममध्ये ठेवू नका. दोन्ही बाजू स्कॅन करा, नुसती पुढची नको. एक प्रत घरी ठेवा आणि एक प्रतापनगरच्या संग्रहालयाला किंवा गावच्या ग्रंथालयाला द्या. मधल्या खुर्चीतल्या साहेबाचं नाव कागदपत्रांत सापडेल. टोकाला बसलेल्याचं नाव तुम्हीच सांगू शकता, आणि ते सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.